बनावट ऑफर लेटर, खरा व्हिसा : कॅनडातला माझा अनुभव

माझा व्हिसा खरा होता. आयईएलटीएसचा निकाल खरा होता, मेडिकल खरं होतं, कॅनडाच्या बँकेत जीआयसी म्हणून, म्हणजे तिथल्या राहण्याखाण्याच्या खर्चाची हमी म्हणून, भरलेले दहा हजार डॉलर खरे होते. खोटा होता तो एकच कागद, कॉलेजचं ॲडमिशन लेटर. तो खोटा आहे हे मला कॅनडात येऊन साडेतीन वर्षं झाल्यावर कळलं, आणि तेही सरकारच्या पत्रातून.

आमच्या भागातली मुलं मला फोन करतात तेव्हा बहुतेकांचं पहिलं वाक्य असतं, "ताई, एजंट ओळखीतला आहे, चांगला आहे." आम्हीही असंच म्हणायचो. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी तासगाव तालुक्यातली. घरची द्राक्षबाग आहे, मी बीकॉम सांगलीत केलं. २०१९ च्या फेब्रुवारीत सांगलीत एका हॉटेलच्या हॉलमध्ये परदेशी शिक्षणाचा सेमिनार झाला, तिथे नाव नोंदवलं. एजंटचं मुख्य ऑफिस पुण्यात. आप्पा आणि मी एसटीने दोनदा गेलो. भिंतीवर व्हिसाचा कागद हातात धरलेल्या मुलामुलींचे फोटो, आल्याआल्या पाणी, मग चहा. ते सर आप्पांना म्हणाले, "काका, ही माझी बहीणच समजा. तुम्ही फक्त पैशाचं बघा, कागदाचं आमच्यावर सोडा."

ते आम्ही त्यांच्यावर सोडलं. माझं सगळं नुकसान त्या एका वाक्यात आहे.

माझ्या नावाचा नवीन ईमेल त्यांच्या ऑफिसातल्या मुलीने उघडला. पासवर्ड तिने तिच्या रजिस्टरमध्ये लिहून घेतला. मी मागितला तर म्हणाली, "तुमच्याकडून चुकून काही क्लिक झालं तर फाईल रिजेक्ट होते." मला ते पटलं. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या वेबसाईटवरचं अकाउंटही तिनेच उघडलं. अर्ज ऑनलाइन असतो. शेवटी अर्जदाराने आपलं नाव टाइप केलं की ती त्याची सही धरली जाते. माझं नाव तिने टाइप केलं. मी तेव्हा समोरच्या सोफ्यावर बसले होते.

पैशाचा हिशेब असा. पहिल्या वर्षाची फी म्हणून साडेआठ लाख रुपये एजंटच्या कंपनीच्या खात्यावर आरटीजीएसने. वर प्रोसेसिंगचे म्हणून एक लाख वीस हजार रोख, त्याची पावती नाही. जीआयसीची रक्कम थेट बँकेत. आप्पांचा बेदाणा तासगावात कोल्ड स्टोरेजला ठेवलेला होता. दिवाळीपर्यंत थांबले असते तर भाव बरा मिळाला असता, पण फीची तारीख जवळ आली होती. जूनमध्येच सगळा सौद्याला काढला. बाकीचं कर्ज.

जीआयसी खरी असल्यामुळेच आम्ही निर्धास्त राहिलो. बँकेकडून रीतसर मेल आला, सर्टिफिकेट आलं. व्हीएफएसमध्ये, म्हणजे व्हिसा अर्ज केंद्रात, बोटांचे ठसे झाले. जुलैत व्हिसा आला. इतके सगळे कागद खरे असताना मधला एक खोटा असेल, हे डोक्यात येणार तरी कसं? आणि कॅनडाच्या व्हिसा अधिकाऱ्यालाही तेव्हा तो खोटा वाटला नाही. त्या काळात प्रत्येक ॲडमिशन लेटर कॉलेजकडून तपासून घ्यायची सक्ती नव्हती.

सांगलीचा महापूर ओसरून काही दिवस झाले होते तेव्हा मी निघाले. टोरंटोच्या विमानतळावर अधिकाऱ्याने लेटर पाहिलं, दोन प्रश्न विचारले आणि स्टडी परमिट छापून दिलं.

तिसऱ्या दिवशी फोन आला. "ताई, एक छोटा प्रॉब्लेम झालाय. त्या कॉलेजच्या सीट फुल झाल्यात. एक तर पुढच्या इनटेकपर्यंत थांबा, नाही तर दुसरं कॉलेज बघा. फी परत मिळेल, काळजी करू नका." आणि खरंच, वीस दिवसांत सहा लाख रुपये आप्पांच्या खात्यावर परत आले. फसवणारा माणूस पैसे परत करत नाही, असं आम्ही समजत होतो. त्या सहा लाखांनीच आमचा संशय कायमचा मिटवला. मी दुसऱ्या एका कॉलेजात स्वतः फी भरून जानेवारी २०२० चा प्रवेश घेतला. कॉलेज बदलल्याचं तेव्हा सरकारला कळवावं लागायचं, तेही "आमच्याकडून करून टाकतो" असं ते म्हणाले.

ते पहिलं कॉलेज मी राहत होते तिथून बसने तासाभरावर होतं. मी एकदाही तिथे गेले नाही. तिथल्या खिडकीवर ते लेटर ठेवून "हे तुमचंच का?" एवढं विचारलं असतं तर त्याच आठवड्यात सगळं उघड झालं असतं. का गेले नाही, हे मी रोज स्वतःला विचारते.

पुढची दोन वर्षं कोविडची. निम्मं शिक्षण ब्रॅम्प्टनच्या बेसमेंटमध्ये लॅपटॉपसमोर, संध्याकाळी वेअरहाऊसमध्ये पॅकिंग. २०२१ च्या शेवटी डिप्लोमा झाला, तीन वर्षांचं वर्क परमिट मिळालं, मिसिसागाच्या एका कंपनीत पगारपत्रकाच्या कामाला लागले. कर्ज फिटायला लागलं. मग पीआरसाठी, म्हणजे कायमचं राहण्याच्या परवानगीसाठी, अर्ज केला. हा अर्ज मात्र मी स्वतः भरला.

मार्च २०२३ मध्ये पत्र आलं. तुम्ही २०१९ मध्ये जोडलेलं ॲडमिशन लेटर त्या कॉलेजने दिलेलं नाही, याबद्दल तुमचं म्हणणं मांडा. मी ते तीन वेळा वाचलं आणि मग एजंटला फोन लावला. नंबर बंद. पुण्यात माझा आतेभाऊ त्या पत्त्यावर जाऊन आला. तिथे आता डोळ्यांचा दवाखाना आहे.

घरी सांगायला मला दोन दिवस लागले. आप्पा बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "पण तू शिकलीस त्ये तर खरं हाय न्हवं?"

कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ४० प्रत्येक विद्यार्थ्याने निघण्यापूर्वी वाचावं. खोटी माहिती प्रत्यक्ष दिली किंवा अप्रत्यक्षपणे दिली, दोन्ही त्यात येतं. ठपका बसला की देशाबाहेर काढतात आणि पाच वर्षं परत येता येत नाही. एजंटने माझ्या अर्जात केलेला खोटेपणा त्या 'अप्रत्यक्ष' शब्दात बसतो.

सीमा सुरक्षा खात्याच्या अधिकाऱ्यासमोर माझी मुलाखत झाली. बाई शांत होत्या, आवाज चढवला नाही. त्यांनी माझ्या २०१९ च्या अर्जाचा कागद माझ्याकडे फिरवला आणि एका चौकोनावर पेन ठेवलं. अर्जदाराने प्रतिनिधीची मदत घेतली असेल तर त्याचं नाव तिथे लिहायचं असतं. चौकोन रिकामा होता. "तुमच्या वतीने कोणी काम केलं असं तुम्ही म्हणता. मग त्याचं नाव कुठे आहे?" मी म्हटलं, मला हा चौकोन आज पहिल्यांदा दिसतोय. त्यांनी पान उलटलं. खाली माझं नाव टाइप केलेलं. "ही सही तुमची का?" काय सांगणार? नाव माझं होतं. त्या फाईलमध्ये एजंट कुठेच नव्हता. कागदोपत्री मी घरी बसून, एकटीने, खोटं लेटर जोडून अर्ज केलेला होता.

नंतर कळलं की अशी मी एकटी नव्हते. जालंधरच्या एका एजंटकडून आलेल्या कित्येक मुलांना याच तऱ्हेची पत्रं आली होती. तेव्हा बातम्यांत सातशेचा आकडा फिरत होता. बहुतेक सगळी पंजाबची. त्यांचीही गोष्ट हीच : व्हिसा खरा, लेटर खोटं, पोहोचल्यावर सीट फुल, आणि अर्जावर एजंटची सही नाही. मेच्या शेवटी त्या मुलांनी मिसिसागामध्ये एअरपोर्ट रोडवर, सीमा सुरक्षा खात्याच्या इमारतीबाहेर धरणं धरलं. माझा एजंट वेगळा, पण मी तिथे गेले. कामावरून सुटले की संध्याकाळी जायचे, काही रात्री तिथेच काढल्या. गुरुद्वाऱ्यातून लंगर यायचं. मराठी बोलणारी मी एकटीच होते, पण तिथे कोणी मला परकं मानलं नाही. फिरोजपूरकडची एक मुलगी माझ्याच वयाची होती. तिच्या वडिलांनी दोन किल्ले जमीन विकली होती. किल्ला म्हणजे त्यांच्याकडचा एकर. आम्ही एकमेकींना बेदाण्याचे आणि गव्हाचे भाव सांगत बसायचो.

७ जूनची संध्याकाळ मला लख्ख आठवते. क्युबेकमधल्या वणव्यांचा धूर टोरंटोपर्यंत आला होता, आभाळ पिवळट, घशात खवखव. मंडपात एकाच फोनभोवती सात-आठ जण. ओटावामध्ये संसदेच्या नागरिकत्व आणि इमिग्रेशन समितीने आमच्याबद्दल ठराव घेतला होता. या विद्यार्थ्यांवरचा अपात्रतेचा ठपका मागे घ्यावा आणि मानवतेच्या आधारावर किंवा तसाच दुसरा मार्ग काढून त्यांना कायमचं राहता यावं, असं त्यात म्हटलं होतं. ठराव एकमताने झाला, सगळ्या पक्षांच्या खासदारांनी पाठिंबा दिला. त्याच दिवशी संसदेत पंतप्रधान ट्रुडो यांनीही सांगितलं की गुन्हेगार शोधायचे आहेत, बळी पडलेल्यांना शिक्षा करायची नाही. दुसऱ्या दिवशी दिल्लीत परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनीही प्रामाणिकपणे शिकायला गेलेल्या मुलांना शिक्षा करणं अन्यायाचं ठरेल, असं म्हटलं. मंडपात कोणी रडलं, कोणी जयकारा केला. मी आप्पांना मेसेज टाकला, तिकडे पहाट होती.

पण समितीचा ठराव म्हणजे हुकूम नव्हे. तो सरकारला केलेला आग्रह असतो. हे मला त्या रात्री एका वकीलबाईंनी समजावलं आणि पुन्हा पोटात गोळा आला.

त्या उन्हाळ्यात मी त्या समितीचं कामकाज जुनं-नवं जमेल तितकं पाहिलं, कामाला जाताना बसमध्ये कानात घालून. त्याच समितीपुढे तेव्हा नागरिकत्व कायद्याच्या दुरुस्तीचं एक विधेयक होतं, एस-२४५. तिथे 'हरवलेले कॅनेडियन' असा शब्द वापरतात. १९७७ च्या कायद्यात एक नियम होता : परदेशात जन्मलेल्या दुसऱ्या पिढीतल्या माणसाने २८ वर्षांचा होण्याआधी नागरिकत्व टिकवण्यासाठी अर्ज करायचा, नाही तर ते जायचं. २००९ मध्ये नियम रद्द झाला, पण १५ फेब्रुवारी १९७७ ते १६ एप्रिल १९८१ या काळात जन्मलेले अधांतरी राहिले. लहानपणापासून कॅनडात वाढलेली, तिथेच नोकरी करणारी माणसं पासपोर्टचं नूतनीकरण करायला जायची आणि तेव्हा त्यांना कळायचं की आपण नागरिकच नाही. अर्ज करायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. विधेयकात नेमक्या कोणाकोणाला घ्यायचं यावर खासदारांचा वाद तासन्‌तास चालायचा.

मला नागरिकत्व मागायचं नव्हतं, तिथपर्यंत माझी मजल कुठे? पण ते मी बाकी सगळं विसरून ऐकत राहायचे. न भरलेल्या एका फॉर्मने माणसाचा देश जातो, आणि दुसऱ्याने भरलेल्या एका फॉर्मने माझी साडेतीन वर्षं जातात. ते विधेयक शेवटी मंजूर झालं नाही. त्यानंतर आलेलं सी-७१ ही बारगळलं. अखेर सी-३ हा कायदा १५ डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. त्यांना इतकी वर्षं लागली, पण कायद्यात बदल झाला. आमच्यासाठी कलम ४० बदललं नाही. आम्हाला जे मिळालं ते मंत्र्यांच्या अधिकारातून.

१४ जूनला तेव्हाचे इमिग्रेशन मंत्री शॉन फ्रेझर यांनी जाहीर केलं की प्रत्येक प्रकरण वेगवेगळं तपासायला एक पथक नेमतोय, जो खरंच शिकायला आला आणि ज्याला लेटर खोटं आहे हे माहीत नव्हतं, त्याला तात्पुरतं राहण्याचं परमिट मिळेल. ऑक्टोबरमध्ये आकडे आले. १०३ प्रकरणं तपासून झाली होती. ६३ विद्यार्थी खरे ठरले, ४० ठरले नाहीत. म्हणजे फसवले गेलो एवढं म्हणून भागलं नाही, ते दाखवावं लागलं.

माझ्या बाबतीत काय कामाला आलं ते सांगते, कारण हेच कोणाला तरी उपयोगी पडेल. कॉलेजचे सगळ्या सेमिस्टरचे गुणपत्रक आणि फीच्या पावत्या. पगाराच्या स्लिपा. आप्पांनी पासबुकात जपलेली आरटीजीएसची पावती, ज्यावर एजंटच्या कंपनीचं नाव होतं. आणि सगळ्यात जास्त काम केलं ते "सीट फुल झाल्यात" या फोननंतर त्याच माणसाने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या मेसेजने. मी फोन बदलला तेव्हा चॅट पुसणार होते, मैत्रिणीने बॅकअप घ्यायला लावला. तो मेसेज नसता तर आज मी तासगावात असते. परमिट मिळालं. पीआरचा अर्ज नव्याने करावा लागला.

जालंधरच्या त्या एजंटला कॅनडातच पकडलं आणि मे २०२४ मध्ये व्हँकुव्हरच्या न्यायालयात तीन वर्षांची शिक्षा झाली. माझ्या एजंटचा पत्ता नाही. आप्पांनी पोलीस ठाण्यात फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाची तक्रार दिली आहे. रोख दिलेल्या एक लाख वीस हजारांचा पुरावा काय, हा तिथला पहिला प्रश्न होता.

आपल्याकडे एक गैरसमज फार आहे, की एजंटकडे 'सरकारी लायसन्स' असतं. १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली जो परवाना मिळतो तो परदेशात नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्यांचा. कॉलेजात प्रवेश मिळवून देणाऱ्यांशी त्याचा संबंध नाही. पंजाबात या लोकांनाही परवाना सक्तीचा करणारा कायदा २०१२ पासून आहे, आणि तरीही हे तिथेच घडलं. म्हणून भिंतीवरच्या सर्टिफिकेटकडे पाहूच नका. पैसे घेऊन तुमच्या वतीने कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याशी व्यवहार करायचा अधिकार फक्त तिथले वकील आणि वकील संघटनेचे सभासद असलेले पॅरालीगल, क्युबेकचे नोटरी आणि तिथल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या 'कॉलेज' नावाच्या नियामक संस्थेचे सभासद यांना आहे. त्या सभासदांची यादी ऑनलाइन आहे, नाव टाकलं की कळतं. आणि असा माणूस असेल तर तो प्रतिनिधीच्या फॉर्मवर स्वतःचं नाव घालून सही करतो. जो म्हणेल "माझं नाव नको, तुम्हीच भरलं असं दाखवू, व्हिसा लवकर येतो", त्याच्या ऑफिसातून तिथल्या तिथे उठा.

१ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक लेटर सरकार थेट कॉलेजकडून खात्री करून घेतं. हा बदल आमच्या प्रकरणांतूनच आला. २०२४ मध्ये पाच लाखांच्या आसपास लेटरं अशी तपासली गेली आणि दहा हजारांहून जास्त संशयास्पद निघाली. आता सरकार तपासतं म्हणून आपण निश्चिंत, असं कृपा करून समजू नका. लेटर तिथे पकडलं गेलं तरी अर्ज तुमच्याच नावाचा असतो, आणि तोवर फी एजंटच्या खात्यात गेलेली असते. फी कॉलेजच्या खात्यावरच भरा. कॉलेजचा डीएलआय नंबर, म्हणजे परदेशी विद्यार्थी घ्यायला मान्यता असलेल्या संस्थेचा क्रमांक, सरकारी यादीत पाहा. लेटर हातात आलं की त्यावरचा विद्यार्थी क्रमांक घालून कॉलेजच्या ॲडमिशन विभागाला स्वतःच्या ईमेलवरून विचारा. ईमेलचा पत्ता लेटरवरचा घेऊ नका, कॉलेजच्या वेबसाईटवरून घ्या. खोट्या लेटरवर पत्ताही खोटा असू शकतो.

गेल्या महिन्यात मिरजेच्या एका मुलाने त्याचं लेटर मला पाठवलं आणि विचारलं, "ताई, खरं वाटतंय का?" नुसतं बघून मला काय कळणार, माझंही खरंच वाटलं होतं. त्याच्याकडून कॉलेजला मेल करवला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, प्रवेश खरा आहे. तो खुशीत होता. मी विचारलं, तुझा ईमेल कोणी उघडलाय? म्हणाला, एजंटनेच, पासवर्ड त्यांच्याकडे आहे. सरकारी अकाउंटही त्यांच्याकडेच. त्या रात्री आम्ही दोन तास फोनवर होतो. त्याने आधी ईमेलचा पासवर्ड बदलला, मग अकाउंटचा, आणि रिकव्हरीला एजंटचा नंबर होता तो काढून आईचा टाकला. मग अर्ज उघडून पहिल्या पानापासून वाचायला लावला. अकराव्या प्रश्नाला तो थांबला. "ताई, इथे लिहिलंय की मी दोन वर्षं नोकरी केलीय. मी तर केलीच नाही."